जावयाच्या गाडीखालचं लिंबू

महिपतरावांचे जावई पहिल्या दसऱ्याला सासरी आले ते चिंब भिजून, आणि बगलेत मिटलेली छत्री धरून. परतीचा पाऊस होता. नार्नूरला बस सोडून गावापर्यंत चालत आले, पण छत्री काही उघडली नाही. अंगातला सदरा काढून तो एका मोठ्या खोक्यावर पांघरला होता आणि स्वतः बनियनवर दारात उभे होते. मागे रुख्मिणी डोक्यावर पदर घेऊन कुडकुडत होती.

"माय वं! हातात छत्री असून भिजले जवाईबापू!" बयनाबाई म्हणाल्या.

"हळू बोल," महिपतराव बायकोच्या कानाशी कुजबुजले. "आपन लग्नात देल्ली तेच छत्री हाये ते. खराब होऊ नाई म्हून उघडली नसंन. मानाची वस्तू जपनारा मानूस हाये."

सुधाकरराव म्हणजे मंचेरियलला कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर. पगारदार, निर्व्यसनी, आणि बोलण्याच्या बाबतीत अव्वल कंजूष. त्यांनी पाय धुतले, खोकं आतल्या खोलीत खाटेखाली सरकवलं, छत्री खुंटीला टांगली आणि घरात आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले, "याले कोनी हात लावू नका." हे खोक्याबद्दल की छत्रीबद्दल, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आता महिपतराव काही भित्रा माणूस नव्हता. कापसाच्या वावरात रानडुक्कर समोर आलं तेव्हा नुसत्या काठीनिशी उभा राहिलेला गडी. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि या ग्रहाची त्यांनी अशी धास्ती घेतली होती की लग्न ठरल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. कारण त्यांचे चुलतभाऊ लक्ष्मणराव. लक्ष्मणरावांचे जावई असेच दसऱ्याला नवी स्कूटर घेऊन आले होते. खांडेनवमीला घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची, वाहनांची पूजा झाली. नांगराला कुंकू लागलं, बैलगाडीला लागलं, अडकित्त्यालासुद्धा लागलं. गडबडीत राहिली ती जावयाची स्कूटर. जावई एक शब्द बोलले नाहीत. ताटावरून उठले, बायकोला मागे बसवलं आणि गेले. त्यानंतर तिसरा दसरा उजाडला तरी लक्ष्मणरावांच्या लेकीला माहेर दिसलं नव्हतं. तिची आई अजून सणासुदीला रस्त्यावर जाऊन उभी राहते.

"आपली रुखी दिवाळीले आली पाह्यजे," महिपतराव बयनाबाईंना दिवसातून दहा वेळा बजावत. "जवाई रुसला तं पोरगी गेली समज."

खोक्यात काय आहे ते त्याच संध्याकाळी कळलं. सुधाकररावांनी अंगणात एक हातभर लांबीची, फॉरीनची खेळण्यातली गाडी ठेवली. जाड, काटेरी रबरी चाकं, चाकांवर स्प्रिंगा, पोट जमिनीपासून चांगलं वर. हातात रिमोटचं एक डबडं घेऊन त्यांनी त्याचा खटका दाबला आणि गाडी बाणासारखी सुटली. गोठ्यापुढचा चिखल, तुऱ्हाट्यांचा ढीग, दगडगोटे, कशालाही न जुमानता ती उड्या मारत पळाली. कोंबड्या छपरावर गेल्या. म्हातारा बैल दावं तोडायला आला. अर्धा गाव गोळा होऊन टाळ्या पिटायला लागला. एवढी गंमत चाललेली, पण सुधाकररावांच्या तोंडावर हसू नाही! ते एकटक मागच्या उजव्या चाकाकडं बघत होते आणि त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"केवढा गंभीर मानूस," महिपतराव मनात म्हणाले आणि आणखी घाबरले.

"उद्या शाम को मारुतीच्या पटांगनात चालवतो," सुधाकररावांनी गावकऱ्यांना सांगितलं आणि गाडी पुन्हा खाटेखाली गेली.

दुसरा दिवस खांडेनवमीचा. दुपारी पुरणपोळीवर तूप ओढून जावई आतल्या खोलीत आडवे झाले आणि लगेच घोरायलाही लागले. रुख्मिणी मैत्रिणीकडं गेली. ओसरीवर महिपतरावांनी पूजा मांडली. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड आणि ऑइल इंजिनचे सगळे पाने, पकडी, पेचकस. इंजिनची देखभाल करणारा रामाजी मिस्त्री आपली हत्यारंही घेऊन आला होता. दरसाल तो इथंच पूजा करून प्रसाद घेऊन जाई. महिपतरावांनी कुंकवाची बोटं उठवायला सुरुवात केली आणि मधेच त्यांचा हात थांबला. चेहरा पांढरा पडला.

"अवं, गाडी!"

"कोनती गाडी?" बयनाबाईंनी विचारलं.

"जवायाची! घरात गाडी हाये अन् तिले कुंकू नाई! लक्षिमनचं झालं तेच आपलं होते आता!"

"पन ते म्हनले ना, हात लावू नका म्हून."

"हात लावू नका मंजे पोट्ट्यायनं. कुंकू लावू नका असं कोठी म्हनलं? अन् लक्षिमनच्या जवायानं तरी कोठी सांगितलं होतं, स्कूटरले कुंकू लावा म्हून? जवाई सांगत नसते. आपन समजून घ्या लागते."

 महिपतराव रांगत आतल्या खोलीत गेले. वर जावयाचं घोरणं, खाली सासऱ्याचा घाम. खोकं बाहेर येईपर्यंत त्यांच्या धोतराचा काष्टा सुटला होता.

मग यथासांग पूजा झाली. गाडी पाटावर, तोंड उगवतीला. हळद-कुंकू, झेंडूचा हार. नारळ फोडला तर जावई जागे होतील, म्हणून नारळ गोधडीत गुंडाळून फोडला. राहिलं लिंबू. वाहन म्हटलं की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यावरून काढायची, म्हणजे नजर चिरडली जाते. जावयाच्या गाडीला बारकं लिंबू कसं शोभेल, म्हणून बयनाबाईंनी झाडावरची वेचून मोठी चार लिंबं आणली. एकेक लिंबू जवळजवळ चाकाएवढं.

"लय मोठे नाई झाले काय?" रामाजीनं शंका काढली.

"मानापानात हात आखडता नाई घ्याचा," बयनाबाई म्हणाल्या. चारी चाकांपुढं चार लिंबं ठेवली गेली.

महिपतरावांनी डबडं हातात घेतलं.  देवाचं नाव घेऊन त्यांनी खटका जरासा दाबला. गाडी गुरगुरली, पण हलली नाही. लिंबंही हलली नाहीत.

"जोर द्या ना! नजर अशी गुदगुल्या करून मरते काय?" बयनाबाई म्हणाल्या.

महिपतरावांनी खटका पार शेवटपर्यंत दाबला. गाडी किंचाळली, मागची चाकं लिंबावर चढू लागली, आणि कट्टकन आवाज झाला. त्यानंतर आतलं यंत्र मजेत गरगरत राहिलं आणि मागचं उजवं चाक मात्र जागचं हलेना.

महिपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हळूच डबडं खाली ठेवलं आणि पाटापुढं मटकन बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! लक्ष्मणच्या जावयाची नुसती पूजा राहिली होती; इथं पूजा करून गाडीच मोडली. त्यांना डोळ्यांपुढं रस्त्यावर उभी असलेली बयनाबाई दिसायला लागली.

"रामाजी गा," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "मारुतीच्या पटांगनात सारा गाव जमनार हाये. जवाई उठाच्या आत काई बी कर."

"निरा सोपं काम हाये," रामाजी म्हणाला. त्याला कुठलंच काम कधी अवघड वाटत नसे. "चाकाले फिरवनारी सळई मोडली. दुसरी घातली की झालं. पन आज नाई जमत."

"काऊन?"

"हत्यारं पूजेले मांडली ना! तुमीच तं कुंकू लावलं आता माह्या पेचकसले. शिलंगन झाल्याबिगर उचलत नाई मी. माह्या बापानं एक डाव उचलली होती तं इंजिनच्या पट्ट्यात धोतर गेलं त्याचं."

महिपतरावांनी मांडलेल्या पूजेकडं पाहिलं. पाने, पकडी, पेचकस, सगळे कपाळाला कुंकू लावून हारात बसलेले. गावातल्या सुताराकडं, लोहाराकडं, सायकलवाल्याकडंही आज हेच दृश्य असणार. वर्षातला नेमका एक दिवस असा, की गावात कुणाचं हत्यार हलत नाही, आणि गाडी मोडायला तोच सापडला.

"सांडशी चालते काय?" बयनाबाईंनी चुलीजवळून विचारलं. "तिले कुंकू नाई लावलं. चुलीवर पुरन होतं तवा."

रामाजीनं विचार केला. "सांडशी हत्यार नाई. सांडशी मंजे स्वयपाक. चालते."

मग सांडशीनं चाकाची चक्की, म्हणजे नट, सैल केली, उलथन्याच्या टोकानं पेच काढले. आतल्या खोलीतल्या घोरण्याकडं सगळ्यांचा एक कान होता. घोरणं मोठं झालं की रामाजी जोर लावी, बारीक झालं की तिघंही श्वास धरून बसत. एकदा तर घोरणं थांबलंच. महिपतरावांनी अख्खी गाडी झेंडूच्या हारासकट धोतराच्या सोग्याखाली घेतली आणि डोळे मिटून बसले. खाट करकरली, जावयांनी कूस बदलली आणि गाडी पुन्हा सुरू झाली, म्हणजे घोरण्याची.

अखेर चाक निघालं. रामाजीनं आतून मोडक्या सळईचे दोन तुकडे ओढून काढले आणि उन्हात धरले.

"हे तं छत्रीची काडी हाये!"

"फॉरीनच्या गाडीत छत्रीची काडी?" महिपतरावांनी विचारलं.

"त्यायच्या छत्र्या बी लय मजबूत असतेत," रामाजीनं ठासून सांगितलं. "झालं तं मंग! तशीच दुसरी काडी आना. आता बसवून देतो."

महिपतरावांचं सगळं घराणं पावसात घोंगडी पांघरणारं. घरात छत्री म्हणून एकच होती, जावयाच्या खोलीत खुंटीला टांगलेली. त्यांनी स्वतः आदिलाबादच्या बाजारातून पसंत करून आणलेली, लग्नाच्या मांडवात जावयाच्या हाती दिलेली, मानाची.

"गाडी मोडली, आता छत्री बी मोडू?" त्यांची बोबडी वळली.

"आठ काड्या असतेत," रामाजी म्हणाला. "एक कापली तं कोनाले समजते?"

माणूस एकदा घसरला की घसरतच जातो. महिपतराव पुन्हा रांगत गेले आणि छत्री घेऊन आले. ओसरीवर येऊन त्यांनी ती हळूच उघडली. छत्री उघडली खरी, पण एका बाजूनं पंख मोडलेल्या कोंबडीसारखी खाली लोंबली. रामाजीनं काड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"सातच हायेत."

जिथं आठवी असायला हवी तिथं नुसता कापलेला बुंधा होता. रामाजीनं गाडीतून निघालेले दोन तुकडे जोडून त्या बुंध्याला लावून पाहिले. रंग तोच, जाडी तीच.

महिपतराव एकदा छत्रीकडं, एकदा गाडीकडं बघत राहिले. बयनाबाईंच्या मात्र चटकन ध्यानात आलं.

"जवाईबापू भिजत काऊन आले, समजलं आता?"

आणि तेवढ्यात लक्षात आलं की घोरणं बंद आहे. बऱ्याच वेळापासून बंद आहे.

सुधाकरराव दारात उभे होते. समोर कुंकवानं माखलेली गाडी उताणी पडलेली, रामाजीच्या हातात सांडशी, आणि सासरे भर ओसरीत डोक्यावर लोंबती छत्री धरून बसलेले. महिपतरावांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"जवाईबापू, गाडी..."

"मामाजी, छत्री..."

दोघं एकदमच बोलले आणि एकदमच गप्प झाले. तेव्हा कुठं महिपतरावांना दिसलं की जावई गाडीकडं बघतच नाहीत. ते छत्रीकडं बघताहेत, आणि हळूहळू हात जोडताहेत.

"तुमाले समजलं तं," सुधाकरराव म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले. मग त्या अबोल माणसाच्या तोंडून जे शब्द सुटले ते थांबेचनात. गाडी त्यांची नव्हतीच. ती खाणीतल्या मोठ्या साहेबांची. साहेबांच्या हातून दगडावर आपटून सळई मोडली, तेव्हा त्यांनी परदेशातून नवी मागवली आणि 'बदलून आण' म्हणून गाडी नि सळई सुधाकररावांच्या हवाली केली. त्यांनी सळई क्वार्टरातल्या फळीवर ठेवली, आणि ती गायब झाली.

"सारं घर पालथं घातलं, मामाजी. सळई नाई. सायेब लय कडक हायेत. वर्कशॉपातून काढून खानीच्या तळाशी धाडतेत. मले अंधाराची लय भेव वाटते. मंग म्या तुमची छत्री कापली. ते काडी गोट्याधोंड्यात टिकते काय, हे पाहाले गाडी इकडं आनली. काल टिकली तं जिवात जीव आला. छत्री घरीच ठेवली असती तं तुमी विचारलं असतं, पन तुमाले ते उघडून दिसली असती तं तुमी काय म्हनले असते? ते भेव येगळीच. म्हून तोंड उघडलं नाई म्या."

"तुमाले माही भेव वाटत होती?" महिपतरावांनी विचारलं.

"लय."

 महिपतरावांच्या पोटात रुतून बसलेली भीती हळूहळू बाहेर पडली आणि रिकाम्या जागेत भलतंच काहीतरी शिरलं. ते उठले. मोडकी छत्री मिटून त्यांनी पाटावर ठेवली, धोतर सावरलं, बाहेरच्या ओट्यावर गेले आणि घराकडं पाठ करून बसले.

"काय झालं वो?" बयनाबाईंनी विचारलं.

"माह्या मानाची छत्री कापली. मी जेवत नाई."

 जावई रुसला तर काय करायचं हे सगळ्या गावाला पाठ होतं. सासरा रुसण्याची रीतच कुणाला ठाऊक नव्हती.

"जवाई रुसला तं आंगठी देतेत," रामाजी पुटपुटला. "सासरा रुसला तं काय देतेत?"

एवढ्यात रुख्मिणी आली. बाप ओट्यावर पाठमोरा, नवरा उंबऱ्यावर डोकं धरून. आईनं थोडक्यात हकिकत सांगितली तशी ती नवऱ्याकडं वळली.

"कोनती सळई? चमकनारी? बोटाएवढी? दोनी टोकाले बोंडं असनारी?"

"व्हय! तुले कशी मालूम?"

रुख्मिणीनं आत जाऊन आपल्या पिशवीतून नवा परकर आणला. परकराच्या नेफ्यातून नाडा अर्धवट बाहेर आलेला, आणि नाड्याच्या टोकाला परदेशी सळई लोंबत होती.

"मी तं नाडा ओवाले ठेवली. लय झ्याक सरकते. बोंडाच्या मागं नाडा बांधला की सुटतच नाई. मले विचारलं असतं तं देल्ली असती. पन तुमी बोलता कोठी?"

सुधाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नाडा सोडला आणि सांडशीला हात घातला. तोच ओट्यावरून, पाठमोऱ्या अवस्थेत, हुकूम आला.

"शिलंगन झाल्याबिगर याले कोनी हात लावू नका."

पटांगणात जमलेल्या गावाला जावयांनी स्वतः जाऊन सांगितलं, गाडीची पूजा झाली आहे, आज ती देवाची. लोकांनी मान डोलावली. जावई रीतभात जाणणारा निघाला म्हणून कौतुकच झालं. महिपतरावांनी रात्रीचं ताट घेतलं, पण भिंतीकडं तोंड करून.

दसऱ्याला शिलंगण झालं, पूजा उचलली, आणि सुधाकररावांनी रामाजीच्या पेचकसानं खरी सळई चाकात बसवली. मग आपट्याची पानं घेऊन ते सासऱ्यांपुढं वाकले.

"सोनं घ्या, मामाजी. नवी छत्री घेऊन रुख्मिनीले दिवाळीच्या पयलेच आनून सोडतो."

महिपतरावांनी सोनं घेतलं नाही. लेक दिवाळीला येणार, हे ऐकून आतून त्यांना नाचावंसं वाटत होतं. पण मान असा सहजी मिळत नसतो, हे आता त्यांना कळलं होतं.

"आनखीन काय पाह्यजे ते सांगा."

महिपतरावांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि लाजत हळूच म्हणाले, "ते डबडं... थोडा वेळ माह्या हाती देता काय?"

त्या संध्याकाळी मारुतीच्या पटांगणात साहेबांची गाडी महिपतरावांनी चालवली. टाळ्या पडत होत्या, खटका पार शेवटपर्यंत दाबलेला होता, आणि गाडीच्या पुढं पुढं मंचेरियलचे जावई कंबरेत वाकून, घामाघूम होऊन, वाटेतले गोटे उचलत पळत होते. एका बाईच्या ओटीतून लिंबू घरंगळलं तर त्यांनी त्यावर अक्षरशः झडप घातली.

दिवेलागणीला लक्ष्मणराव आले. बराच वेळ ओट्यावर घुटमळले, इकडच्यातिकडच्या गोष्टी केल्या, आणि शेवटी चुलतभावाच्या जवळ सरकले.

"महिपत गा, मले बी शिकव. सासऱ्यानं रुसाचं कसं असते?"

महिपतरावांनी सुपारी कातरून तोंडात टाकली.

"लय सोपं हाये," ते म्हणाले. "पयले जाऊन जवायाची छत्री पाहून ये."